पाकिटातलं झाकण

डॉ. कचालेंनी फोन माझ्या डोळ्यांसमोर धरला तेव्हा माझे दोन्ही हात पिठात होते. सोमवारची संध्याकाळ होती. टोकियोतल्या निशी-कसाई भागात, आमच्या अरुंद स्वयंपाकघरात तव्यावर एक भाकरी होती आणि परातीत दुसरी अर्धी थापलेली.

"हे बघ," त्या म्हणाल्या, "आणि मला सांग की मला वाटतंय ते हे नाहीये."

फोटो एका मॉनिटरचा होता. त्यावर अन्ननलिकेचा आतला भाग दिसायला हवा होता, गुलाबी, ओला, कडेला बारीक रक्तवाहिन्या. दिसत होतं ते पांढुरकं काहीतरी, थंडीत आंघोळ झाल्यावर आरसा दिसतो तसं.

"काय आहे ते?" ओवीनं टाचा उंचावून विचारलं.

"धुकं," डॉक्टर म्हणाल्या.

माझ्या मुलीला हे उत्तर पुरलं. ती परत गृहपाठाकडे गेली. मला पुरलं नाही, कारण दुर्बिणीच्या आत धुकं म्हणजे आत पाणी गेलंय, आणि पाणी गेलेली दुर्बीण म्हणजे बंद पडलेली दुर्बीण, एवढं मला कळत होतं.

चिसोमो कचाले मलावीतल्या एका जिल्हा रुग्णालयात डॉक्टर आहेत. मलावी म्हणजे आफ्रिकेच्या पूर्वेकडचा, समुद्र नसलेला लहानसा देश. त्या सगळ्या पट्ट्यात अन्ननलिकेचा कॅन्सर फार. त्यांच्या रुग्णालयात दुर्बीण एकच आहे, घशातून पोटापर्यंत जाऊन आतलं दाखवणारी, आणि त्यानंतरची जवळची दुर्बीण बसनं एका दिवसाच्या अंतरावर. ती एक दुर्बीण आमच्या कंपनीनं दिलेली. आमची कंपनी अशा दुर्बिणी बनवते आणि आफ्रिकेतल्या काही रुग्णालयांना वापरलेल्या, पण तपासून दुरुस्त केलेल्या दुर्बिणी आणि प्रशिक्षण देते. मी त्याच विभागात कंत्राटावर आहे. इंग्रजी माहितीपुस्तकं नीट करणं, आलेल्या डॉक्टरांना स्टेशनवरून आणणं, मीटिंगमध्ये दुभाषाचं काम करणं, हे माझं काम.

डॉक्टर टोकियोत शिकायला आल्या होत्या. परदेशी डॉक्टरांना इथे पेशंटला हात लावता येत नाही. त्यामुळे सकाळी त्या विद्यापीठाच्या रुग्णालयात मागे उभ्या राहून बघत आणि दुपारी आमच्या केंद्रात रबराच्या पोटावर सराव करत. "तुमच्याकडे पोटंसुद्धा शिस्तीची," त्या म्हणायच्या. "ओकत नाहीत, रडत नाहीत, नातेवाईक आणत नाहीत." त्यांना सगळ्यात जास्त आवडलं होतं ते आयोडिन. अन्ननलिकेत आयोडिन फवारलं की निरोगी अस्तर तपकिरी होतं आणि बिघडलेला भाग फिका राहतो. "ह्याला नवं मशीन लागत नाही," त्या मला आनंदानं म्हणाल्या होत्या, "बाटली लागते! बाटली आमच्याकडे आहे."

आता त्या ओट्याला टेकून उभ्या होत्या आणि फोन परत परत उजळवून बघत होत्या.

"कधी झालं हे?" मी विचारलं.

"मी विमानात बसले त्याच आठवड्यात. आणि मला आज कळवतात. सगळ्यांना माहीत होतं, स्वरूपा. मेट्रनला, नर्स ब्लेसिंग्जला, ॲम्ब्युलन्सच्या ड्रायव्हरला. मी रोज फोन करत होते. रोज काय सांगायचे? सगळं ठीक आहे डॉक्टर, तुम्ही शिकून या, इथलं आम्ही बघतो."

मी भाकरी उलटली. ती एका बाजूनं करपली होती.

गेल्या वर्षी माझा भाऊ अंबरीष फोनवर मला हेच सांगायचा. तू तिकडचं बघ, इकडचं आम्ही बघतो. आईला ॲसिडिटी आहे. आईचा दात दुखतोय म्हणून ती पातळ खातेय. तेव्हा आईची दुर्बिणीतून तपासणी होऊन गेलेली होती, रिपोर्ट घरात होता आणि घास अन्ननलिकेत का अडकतो ते घरातल्या सगळ्यांना माहीत होतं. माझा व्हिसा नूतनीकरणाला टाकलेला होता. मी सगळं सोडून येईन, म्हणून मला सांगायचं नाही असं त्यांनी ठरवलं. आईनंच ठरवलं, असं अंबरीष म्हणतो. व्हिडिओ कॉलवर ती पोळी वरणात बुडवून बुडवून मऊ करायची आणि मी तिला म्हणायचे, आई, दाताच्या डॉक्टरकडे जा ना. मी पोचले तेव्हा ती डोळे उघडत होती, पण बोलत नव्हती. तिला जाऊन अजून वर्ष झालेलं नाही. त्या दिवसांबद्दल मी अंबरीषला काही विचारलेलं नाही आणि त्यानंही काही सांगितलेलं नाही.

"गुरुवारपर्यंत कुणाला बोलायचं नाही," डॉक्टर म्हणाल्या.

गुरुवारी समितीची बैठक होती. त्यांच्या रुग्णालयाला दुसरी दुर्बीण द्यायची की नाही हे त्या दिवशी ठरणार होतं.

"डॉक्टर, पण..."

"एक अगोगो आहेत. अगोगो म्हणजे आजी. त्यांची मुलगी त्यांना घेऊन आमच्या व्हरांड्यात बसते. पेज फडक्यातून गाळून थर्मासमध्ये आणते. आता तीही उतरत नाही. अन्ननलिकेत जाळीची नळी बसवली की माणूस निदान पाणी पितं, पेज पितं. बरं होत नाही, पण उपाशी मरत नाही. नळ्या माझ्याकडे आहेत. दुर्बीण नसेल तर ती नळी मी कशानं बसवू? मी त्या मुलीला सांगून आलेय, मी शिकून येते आणि बसवते." त्यांनी फोन पालथा ठेवला. "आणि ह्या लोकांना हे कळलं की एकच वाक्य होईल. तिथे टिकत नाही. हे वाक्य मी आयुष्यभर ऐकलंय. जनरेटरबद्दल ऐकलंय, एक्स-रेबद्दल ऐकलंय. एकदा म्हटलं की दार बंद."

माझ्या गप्प बसण्याचा त्यांनी होकार असा अर्थ घेतला. मीही तो घेऊ दिला.

जेवताना त्यांनी पिठलं दोनदा घेतलं. भाकरीला त्या "आमच्या न्सिमाची वाळलेली बहीण" म्हणाल्या. मक्याच्या पिठाचा तो घट्ट गोळा त्यांना इथे मिळत नव्हता. ओवी हसली. माझा नवरा सारंग उशिरा आला, त्यांना स्टेशनपर्यंत सोडून आला, आणि बूट काढता काढता म्हणाला, "काय झालंय? दोघीही तोंड पाडून बसला होतात."

मी सांगितलं.

"तू ह्यात पडू नकोस," तो म्हणाला. "तुझं कंत्राट मार्चमध्ये संपतंय. त्यांची दुर्बीण, त्यांना सांगू दे."

"त्या नाही सांगणार."

"मग नको सांगू दे. स्वरूपा, प्रत्येक गोष्ट आईची गोष्ट नसते."

तो हे चांगल्या मनानं म्हणाला. मी आंघोळीचं पाणी सोडायला उठले.

मंगळवारी सकाळी मी डॉक्टरांना एवढंच सुचवलं की दुर्बिणीबरोबर गेलेलं सगळं सामान फोटोत पाहता आलं तर बरं. पाणी का गेलं ते कळायला हवं होतं. नाही कळलं तर दुसरी दुर्बीणही तशीच जाणार होती. डॉक्टरांनी कुरकुर केली, पण फोटो मागवला. दुपारी जेवणाच्या सुट्टीत तो आला. आम्ही प्रशिक्षण केंद्राच्या मागच्या बाकावर कोंबिनीतून, म्हणजे कोपऱ्यावरच्या दुकानातून, आणलेल्या भाताच्या त्रिकोणी मुटक्या खात होतो.

फोटो ब्लेसिंग्जनं काढला होता. शरद ऋतूत आलेल्या तुकडीत तो होता. उंच, लाजरा नर्स. रस्त्यावरच्या प्रत्येक पेय-यंत्राचा फोटो काढायचा. दुर्बीण धुण्याचं, तपासण्याचं काम तो इथेच शिकला. फोटोत काचेचं कपाट होतं. दुर्बीण सरळ टांगलेली, ब्रश लांबीनुसार लावलेले, पाणी शिरतंय का ते बघायचा हवेचा पंप पांढऱ्या फडक्यावर. त्याच्याइतकं नीट तर मी माझं कपाट ठेवत नाही. आणि खालच्या कप्प्यात, कोपऱ्यात, एक पारदर्शक पाकीट. त्यात मुठीएवढं जाड काळं झाकण.

पाकीट फोडलेलंच नव्हतं.

माझ्या हातातली मुटकी तशीच राहिली. त्या जुन्या मॉडेलचं माहितीपुस्तक मी दोनदा वाचून नीट केलेलं आहे. त्यात एक वाक्य ठळक अक्षरात आहे: दुर्बीण पाण्यात बुडवण्याआधी जलरोधक झाकण बसवा. दुर्बिणीचं जे टोक यंत्राला जोडतात तिथे विजेचे उघडे संपर्क असतात. झाकण न लावता ती बुडवली तर पाणी थेट आत.

"त्याला विचारा," मी म्हटलं, "हे पाकीट कशाचं आहे असं त्याला वाटतं?"

डॉक्टरांनी विचारलं. थोड्या वेळानं त्याचा आवाज आला, मागे कुणीतरी बादली ओढत होतं. "ते प्रवासासाठीचं होतं ना, डॉक्टर? दुर्बिणीला धक्का लागू नये म्हणून? मी जपून ठेवलंय. त्यांना परत हवं असेल तर देता यावं म्हणून. टोकियोत धुताना असलं काही नव्हतं."

टोकियोत असलं काही नव्हतं. ते खरं होतं. नव्या मॉडेलला झाकण लागतच नाही. त्याचं टोक बंदच असतं, तसंच पाण्यात घालतात. आणि शरद ऋतूत ती तुकडी आली तेव्हा शिकवायच्या खोलीत फक्त नवी मॉडेलं होती.

मला ती सकाळ आठवत होती. मोरिता-सान, आमचे शिकवणारे, त्या दिवशी सगळ्यांच्या आधी आले होते. साठीला आलेला माणूस, चाळीशीतल्यासारखा चालणारा. त्यांनी खोली स्वतः पुसली, खिडकीत शेवंतीची कुंडी ठेवली आणि जुन्या दुर्बिणींची गाडी ढकलत कोठारात नेऊन ठेवली. "इतक्या लांबून आलेत," ते मला म्हणाले होते. "पाहुण्यांना जुनं दाखवायचं नसतं." मला त्यात काहीही खटकलं नव्हतं. आई पाहुणे आले की फडताळातल्या सोनेरी काठाच्या कपबश्या काढायची. आम्ही रोज स्टीलच्या पेल्यातून चहा प्यायचो. पाहुण्यांना पेला दिला असता तर तिला रात्रभर झोप आली नसती.

फक्त ह्या पाहुण्यांच्या हाती घरी जाताना पेलाच दिला होता.

"म्हणजे चूक आमची नाही!" डॉक्टर उठून उभ्याच राहिल्या. मग हळूच बसल्या. "म्हणजे चूक त्यांची आहे. आणि ते त्यांना गुरुवारी सगळ्यांसमोर कळलं तर?"

"मी मोरिता-सानना आधी सांगणार आहे. एकट्याला."

"नाही."

"डॉक्टर, नवी दुर्बीण आली तरी ती जुन्यापैकीच असणार. तीही..."

"मी ब्लेसिंग्जला झाकण लावायला सांगेन. झालं! एका वाक्याचं काम. तू कशाला सांगतेस? ज्याच्या हातून चूक झाली तो माणूस समितीत बसणार आहे. त्याला अवघडवून तू माझ्यासाठी काय मिळवणार? दुर्बीण माझी, पेशंट माझे, आणि सांगणार तू?"

"अजून दहा रुग्णालयांना हेच मॉडेल गेलंय," मी म्हटलं. "तिथेही असंच शिकलेले ब्लेसिंग्ज आहेत."

मग त्यांनी वेष्टनं गोळा केली, कचरा जाळायचा आणि न जाळायचा असा वेगळा केला, इथे शिकल्याप्रमाणे, आणि आत निघून गेल्या. त्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशी त्या माझ्याशी कामापुरतंच बोलल्या. "हो." "नाही." "धन्यवाद, स्वरूपा-सान." त्यातलं ते परक्यासारखं, आदराचं सान मला लागलं.

बुधवारी मी मोरिता-सानना गाठलं तेव्हा ते धुण्याच्या सिंकपाशी टॉवेलांच्या घड्या घालत होते. मी फोटो दाखवला. पाकिटावर बोट ठेवलं. जे झालं ते शक्य तितक्या कमी शब्दांत सांगितलं. कमी शब्दांत सांगितलं की कमी लागेल अशी माझी काहीतरी कल्पना होती.

ते फोटोकडे फार वेळ बघत होते. मग त्यांनी फोन दोन्ही हातांनी मला परत दिला.

"शेवंती," ते म्हणाले.

मला कळलं नाही.

"त्या दिवशी शेवंती आणली होती मी. तेवढ्यात वेळ गेला." त्यांनी उरलेल्या टॉवेलांच्या घड्या घातल्या, कडा जुळवल्या. "कळवल्याबद्दल आभारी आहे." ते कमरेत वाकले आणि गेले.

मी तिथेच उभी राहिले. ह्याचा अर्थ काय? उद्या ते काय बोलतील? काहीच बोलणार नाहीत? इतकी वर्षं इथे राहून मला ह्या गप्प बसण्यांचा अंदाज येत नाही. आमच्या घरातल्या गप्प बसण्याचाही आला नव्हता. संध्याकाळी तोझाई लाइनच्या मेट्रोत माझं स्टेशन मागे गेलं. मला ते पुढच्या स्टेशनवर कळलं आणि मी उलट गाडी धरली. घरी ओवीनं विचारलं, "आई, दाइजोबु?" म्हणजे, ठीक आहेस ना? ती मराठीत विचारायचं असलं की विसरते. मी हो म्हटलं. मग थांबून म्हटलं, "नाही. उद्या कामात काहीतरी वाईट होईल अशी भीती वाटतेय." मग तिनं स्वतःची खुर्ची माझ्याजवळ ओढून घेतली आणि तिथेच बसून गृहपाठ केला.

गुरुवारी बैठकीच्या खोलीत प्रत्येकासमोर चहाची बाटली होती. विभागप्रमुख कोंदो-सान मधोमध बसले होते. हा माणूस वाक्य संपेपर्यंत कुणाकडे बघत नाही आणि संपल्यावर नजर हलवत नाही. डॉ. कचाले माझ्या उजवीकडे, गडद निळ्या कोटात, हात मांडीवर. मी त्यांच्या कानाशी इंग्रजीत सांगत होते. मोरिता-सानची खुर्ची रिकामी होती.

बैठक सुरू झाली. कोंदो-साननी वर्षभराचा आढावा वाचला. सर्व केंद्रांत काम सुरळीत चालू आहे. मी ते वाक्य इंग्रजीत सांगितलं आणि डॉक्टरांची बोटं एकमेकांत घट्ट अडकलेली पाहिली. त्यांना बोलायचं होतं की गप्प राहायचं होतं ते मला त्या बोटांवरून कळेना.

दार उघडलं. मोरिता-सान गाडी ढकलत आत आले. गाडीवर दोन दुर्बिणी होत्या, एक नवी, एक जुनी. मधे पाण्याचं पसरट भांडं. ते बसले नाहीत.

"ही शिकवली," नव्या दुर्बिणीवर हात ठेवून ते म्हणाले. "आणि ही पाठवली." त्यांनी जुनी उचलली, तिचं टोक सगळ्यांना दिसेल असं फिरवलं, आणि खिशातून काळं झाकण काढलं. "हे लावायचं मी शिकवलं नाही. मलावीतल्या दुर्बिणीत पाणी गेलंय. ज्यानं धुतली त्यानं मी शिकवलं तसंच केलं."

मी डॉक्टरांच्या कानाशी शेवटचं वाक्य सांगितलं, आणि मग परत एकदा, सावकाश.

"कधी कळलं?" कोंदो-साननी विचारलं.

"काल."

"कुणी सांगितलं?"

मोरिता-सान बोलायच्या आत मी हात वर केला. शाळेतल्यासारखा.

"तुम्हाला कधी कळलं?"

"दुर्बीण बिघडल्याचं सोमवारी. कारण मंगळवारी."

कोंदो-सान माझ्याकडे बघत राहिले. "वाईट बातमी आधी सांगायची असते. सोमवारीच सांगायला हवं होतं." मग हनुवटीनं डॉक्टरांकडे खूण करून म्हणाले, "त्यांना सांगा."

तेव्हा मी इंग्रजीत सांगितलं, "कोंदो-सान म्हणतात, स्वरूपानं हे सोमवारीच सांगायला हवं होतं."

"त्यांना सांग," डॉक्टर म्हणाल्या, "सोमवारी स्वरूपाचं तोंड मी बंद केलं होतं." त्या उभ्या राहिल्या. "आणि माझ्या माणसांनी माझ्यापासून लपवलं. मी लपवायला सांगितलं नव्हतं. पण दुर्बीण बिघडली की आपली नालायकी ठरते, हे त्यांना कुणी शिकवावं लागत नाही. ते आम्हाला आधीच येतं."

मी हे जपानीत सांगितलं. त्यातला एकही शब्द मऊ केला नाही.

मग कोंदो-साननी शेजारच्या अधिकाऱ्याला विचारलं, ओसाकातल्या एखाद्या रुग्णालयाची दुर्बीण दुरुस्तीला आली तर आपण काय करतो? तो म्हणाला, दुरुस्ती होईपर्यंत बदली दुर्बीण देतो. "मग?" कोंदो-सान म्हणाले. तो अधिकारी म्हणाला, मलावीच्या करारात तशी तरतूद नाही. "तरतूद नाही हे मला माहीत आहे," कोंदो-सान म्हणाले. "मी विचारलं, मग?"

दुसरी दुर्बीण मिळाली नाही. तो निर्णय पुढच्या बैठकीपर्यंत पुढे ढकलला. ठरलं ते असं: बिघडलेली दुर्बीण परत मागवायची, कंपनीनं दुरुस्त करायची; तोवर एक बदली दुर्बीण डॉक्टरांनी स्वतःबरोबर न्यायची; तेच मॉडेल गेलेल्या प्रत्येक रुग्णालयाला आजच कळवायचं; आणि निघण्याआधी मोरिता-साननी डॉक्टरांना जुन्या दुर्बिणीवर पहिल्यापासून शिकवायचं. मार्चनंतर माझं काय, ह्यावर कुणी काही बोललं नाही.

मोरिता-साननी शिकवलं. झाकण लावा. घट्ट झालं का बघा. हवा भरा. बुडवा. पाण्याकडे बघा. बुडबुडा आला तर दुर्बीण कुठेतरी फाटलीय, तिला धुवायचं नाही, बाहेर काढायचं. डॉक्टर परत परत करत होत्या. खिडकीत ह्या वेळी काही नव्हतं.

विमानतळावर त्यांनी दुर्बिणीची पेटी बाळासारखी छातीशी धरली होती. "मी अजून रागावलेय," त्या म्हणाल्या.

"माहितीये."

"ओवीला सांग, न्सिमा ही थोरली बहीण आहे. भाकरी धाकटी." मग त्यांनी पेटी न सोडता कोपरानंच मला जवळ ओढलं.

"अगोगोंचं कळलं की लगेच सांगा," मी म्हटलं. "काहीही असलं तरी. लगेच."

"लगेच," त्या म्हणाल्या.

पुढचा आठवडा मी फोन उशाशी घेऊन काढला. त्या पोचल्याचं कळलं. व्हरांड्यात अगोगो आणि त्यांची मुलगी नव्हत्या असं कळलं. गावाकडे निरोप धाडला होता, रस्ता पावसानं खराब होता. मग दोन दिवस काही नाही. गप्प फोन म्हणजे बरी बातमी, असं मी एकेकाळी समजायचे. आता फोन गप्प असला की मी तो सारखा उघडून बघते.

रविवारी दुपारी व्हिडिओ कॉल आला. सारंग ओवीला घेऊन नदीकाठी सायकल शिकवायला गेला होता. पडद्यावर आधी ब्लेसिंग्ज दिसला, रबरी हातमोजे घातलेला. काही न बोलता त्यानं ते काळं झाकण माझ्यासमोर धरलं, बसवलं, ओढून पाहिलं, हवा भरली आणि दुर्बीण पाण्यात बुडवली. फोन कुणीतरी पाण्यावर धरला. आम्ही सगळे बघत राहिलो. पाणी हललं, मग संथ झालं. बुडबुडा आला नाही. तरी तो आणखी बघत राहिला, मोरिता-सान बघायचे तसा, दुर्बिणीची मान हळूहळू वाकवत.

मग डॉक्टर समोर आल्या. त्यांनी मास्क खाली केला.

"वाईट आधी," त्या म्हणाल्या. "अगोगो गेल्या. मी विमानात असताना."

मी मान हलवली.

"त्यांची मुलगी आज आली. थर्मास घेऊन. आईचा निरोप द्यायला आली. आई म्हणाली होती, डॉक्टरांना सांग, मी वाट पाहिली." त्या थांबल्या. "मी तिला म्हटलं, आलीच आहेस तर झोप, तुझी अन्ननलिका बघू. इथे घरात एकाला असलं की मी बाकीच्यांची बघतेच. घाबरली होती. मी आयोडिन फवारलं."

त्यांनी मॉनिटरचा फोटो दाखवला. वरपासून खालपर्यंत तपकिरी. एकही फिका डाग नाही. फोटो इतका स्वच्छ होता की कडेच्या घड्या मोजता आल्या असत्या.

"काही नाहीये," त्या म्हणाल्या. "मी तिला तिच्याच डोळ्यांनी बघू दिलं. हे बघ, काही नाहीये."

ती मुलगी मागे कुठेतरी असणार. मला ती दिसली नाही. टेबलाच्या कडेला थर्मासचं लाल झाकण मात्र दिसत होतं.

कॉल संपल्यावर मी खिडकी उघडली. खाली कुणीतरी सायकलची घंटा वाजवत होतं, ओवी असावी. मग मी अंबरीषला फोन लावला. पुण्यात सकाळ होती. मागे कुकरची शिट्टी झाली.

"काय गं? सगळं ठीक ना?" तो म्हणाला. त्याच्या आवाजात लगेच घाई आली.

"दादा," मी म्हटलं, "आईची दुर्बीण केली त्या दिवसापासून सांग."

कुकरची अजून एक शिट्टी झाली. त्यानं गॅस बंद केल्याचा आवाज आला.

"सगळं?" त्यानं विचारलं.

"सगळं. वाईटही."

त्यानं खुर्ची ओढली. मी ऐकत राहिले.